कोकणात किनाऱ्याला कुटुंबासकट शिफ्ट व्हायचंय: रत्नागिरी शहर की वेंगुर्ला?

डोंबिवलीची सून

नमस्कार मंडळी. आमच्या घरात बरेच महिने एकच वाद चालू आहे तो इथे मांडते, बाहेरच्यांची मतं कळली तर बरं होईल. आम्ही पाच जण. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं काम आता कायमचं घरून झालंय, महिन्यातून एकदा ऑफिसला जावं लागतं तेवढंच. मी शिकवण्या घेते. मोठी आठवीत, धाकटा तिसरीत आणि सासूबाई सत्तरीच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. डोंबिवलीचं भाडं, क्लासच्या फिया आणि रोजचा तो ट्रॅफिक, हे सगळं करून महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, म्हणून समुद्राजवळच्या परवडणाऱ्या गावात जायचं हे दोघांचंही पक्कं आहे. कोकणात आमचं वडिलोपार्जित घर नाही हे आधीच सांगते.

नवरा म्हणतो वेंगुर्ला. अंगण, विहीर, माड असलेलं सुटं घर भाड्याने मिळतं, पोरं मोकळी वाढतील. माझं म्हणणं रत्नागिरी शहर, आणि मी त्यावर ठाम आहे. घरात म्हातारं माणूस आणि शाळेतली पोरं असली की स्वस्त गाव भाड्यावरून ठरवायचं नाही, दवाखाना, शाळा, स्टेशन आणि औषधाचं दुकान किती लांब आहे त्यावरून ठरवायचं. छोट्या गावात भाड्यात वाचलेले पैसे रिक्षा, पेट्रोल आणि तपासण्यांच्या फेऱ्यांत जातात. रत्नागिरीत सिव्हिल हॉस्पिटल आहे, २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, रेल्वे स्टेशन आहे, आणि समुद्र तर आहेच, मांडवी नाहीतर भाट्ये. तुम्हाला काय वाटतं?

वेंगुर्लेकर

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. रत्नागिरीत फ्लॅटमध्येच राहायचं तर डोंबिवली काय वाईट आहे? तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, शेजारची टाकी दिसते. वेंगुर्ल्यात पोरगं शाळेत चालत जाईल, संध्याकाळी बंदरावर जाईल. गाव स्वच्छ आहे, नगरपरिषदेचा कचरा प्रकल्प बघायला लांबून लोक येतात. आणि दवाखान्याचं म्हणाल तर गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला २०२१ पासून मेडिकल कॉलेज आहे आणि मोठं काही झालं तर आम्ही गोव्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) जातो. गोमेकॉसारखं हॉस्पिटल रत्नागिरीकरांना एवढ्या जवळ नाही, त्यांना आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. गोव्याचं मोपा विमानतळही आम्हाला जवळ. सगळी सोय जिल्ह्याच्याच गावात असते हा मुंबईकडचा विचार झाला.

मांडवीची

वेंगुर्लेकर, बांबोळीचं तुम्ही म्हणता ते खरं, पण अर्धंच. ते हॉस्पिटल दुसऱ्या राज्याचं आहे. २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्या पेशंटना तिथे फी लावली तेव्हा सिंधुदुर्गातच केवढं आंदोलन झालं होतं. पुढे तोडगे निघाले, पण आपली सोय शेजारच्या सरकारच्या मर्जीवर आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. शिवाय सत्तरीच्या बाईला रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर पहिला तास महत्त्वाचा. वेंगुर्ल्याहून पणजीच्याही पुढे बांबोळी गाठायची, तेही पावसात, हा विचार करूनच ठरवा.

मी रत्नागिरीत लहानाची मोठी झाले, लग्नानंतरही इथेच, तेव्हा ताई, तुमच्या मताला पूर्ण पाठिंबा. फाटक, पटवर्धनसारख्या शाळा आहेत, पुढे गोगटे-जोगळेकर कॉलेज, इंजिनीअरिंग, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र. पोरीला बारावीनंतर लगेच हॉस्टेलला टाकावं लागणार नाही, हा पैसा कोणी मोजतच नाही. जिल्हा वाचनालय आहे, नाटकं होतात, गाण्याचे क्लास आहेत, म्हणजे संध्याकाळी सहानंतर गाव मिटत नाही.

पण डोळे झाकून घर घेऊ नका. मिऱ्याकडे समुद्राला लागून अजिबात नको, तिकडे किनारा खचतो, बंधारे बांधून बांधून दमले सगळे. २०२० च्या निसर्ग वादळात वाहत आलेलं बसरा स्टार जहाज तिथे खडकाला लागलं ते कितीतरी वर्षं तसंच गंजत पडलेलं बघितलंय आम्ही, समुद्राची ताकद काय असते ते तिथे उभं राहिलं की कळतं. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव या बाजूला बघा. स्टेशन पण कुवारबावच्याच बाजूला, गावापासून लांब आहे.

डहाणू लोकल

तुम्ही लोक पनवेलच्या खालीच का बघता ते मला कळत नाही. डहाणू बघा ना! २०१३ पासून चर्चगेटहून थेट लोकल आहे, पासावर प्रवास होतो. महिन्यातून एकदा ऑफिस म्हणताय, उद्या कंपनीने आठवड्यातून तीन दिवस या म्हटलं तर रत्नागिरीहून काय करणार? १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालाय म्हणून अजून चिकूच्या वाड्या टिकल्यात, झाडी आहे, भाडं डोंबिवलीपेक्षा कमी. परवडणं म्हणजे नोकरी टिकवून परवडणं.

वाणगावकर

डहाणूचा मुद्दा नोकरीपुरता बरोबर, पण बाकीचं पण सांगा की. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं आणि आता जो तो जमिनीचे भाव विचारत फिरतोय, आमच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे तो वेगळाच. पुढच्या दहा वर्षांत हा किनारा आजच्यासारखा राहील असं मला तरी वाटत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसतायत, लोक थंडीत घराबाहेर झोपले होते. आणि जरा गंभीर आजार झाला की पेशंट वापी-वलसाडला, म्हणजे गुजरातेत. पोरं आणि म्हातारं माणूस घेऊन मुद्दाम इथे या असं मी माझ्या बहिणीलाही सांगणार नाही, आणि मी इथलाच आहे.

परत ठाण्यात

सगळे एकमेकांची गावं तोलतायत, मी मुळालाच हात घालतो. चालू नोकरीच्या जोरावर कोकणात जाऊ नका, रत्नागिरीही नको आणि वेंगुर्लाही नको. आम्ही दापोलीत राहून आलोय. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि सिंधुदुर्गाची तीच गत झाली. वादळ सोडा, साधा वळवाचा पाऊस आला तरी लाईट जाते, लाईट गेली की टॉवर जातो, आणि रस्त्याचं काम निघालं की फायबरची केबल तुटते. क्लाएंटला किती वेळा सांगणार की झाड पडलंय? मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, धाकटा मुलगा तेव्हा जन्मलेलाही नसेल, त्या रस्त्यावरून आजारी माणसाला मुंबईत आणायचं म्हणजे काय ते ज्याने आणलंय त्यालाच विचारा.

आणि स्वस्ताई म्हणाल तर ती कागदावरची. भाजी सगळी घाटावरून येते, त्यामुळे डोंबिवलीपेक्षा महाग. मासे स्वस्त मिळतील असं वाटतं, पण चांगला माल एक्सपोर्टला नाहीतर गोव्याच्या हॉटेलात जातो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद.

मालवणी माणूस

येवा, कोकण आपलाच आसा, असं आम्ही सगळ्यांना म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण भाड्याच्या घरासाठी मालवण-तारकर्लीकडे येऊ नका हे पण मनापासूनच सांगतो. स्कूबा सुरू झाल्यापासून ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत त्याने होमस्टे काढलाय. दिवाळी, नाताळ, मे महिना, एका रात्रीला जे मिळतं ते सोडून तुम्हाला कोण अकरा महिन्यांसाठी देईल? मिळालंच तर मे महिन्यात खाली करा म्हणतात. आमच्या गावातल्या शिक्षकांना, नर्सना भाड्याने जागा मिळत नाही ही आजची स्थिती आहे, बाहेरून कामासहित आलेली माणसं वाढली की भाडं अजून चढतं आणि मग इथल्याच पोरांना लग्नानंतर खोली मिळत नाही. यावर पण कोणीतरी बोला.

मांडवीची

मालवणी माणूस, हे अगदी खरं बोललात. म्हणूनच मी शहर म्हणते. रत्नागिरी पर्यटकांवर चालत नाही, कोर्टकचेऱ्या, बँका, कॉलेजं, कंपन्यांवर चालते, त्यामुळे इथे बदलीवर येणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांची घरं असतात आणि मे महिन्यात कोणी बाहेर काढत नाही.

आणि "परत ठाण्यात", लाईटचा त्रास मान्य, पण शहरात आणि वाडीत फरक आहे हो. वादळानंतर लाईट आधी कुठे येते? सिव्हिल हॉस्पिटल, कलेक्टर ऑफिस, मग शहर. वाडीतल्या शेवटच्या खांबाला सगळ्यात शेवटी. इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवलं की शहरात काम होतं, आमच्या बिल्डिंगमध्ये अशी करणारी मुलं आहेत.

रत्नागिरीची खरी अडचण पाणी. शीळ धरण आटत आलं की एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड पाणी येतं. घर बघताना ओनरला हॉल-किचन नंतर विचारा, आधी खालची टाकी किती लिटरची आणि विहीर किंवा बोअर आहे का ते विचारा. बोअरचं पाणी तोंडात घेऊन बघा, मचूळ लागलं तर ते घर सोडा.

सातबारा

भाड्यापुरतं ठीक, पण मिस्टरांना अंगण-माड हवेत म्हणजे उद्या जागा घ्यायची हौस येणार, म्हणून आत्ताच लिहितो. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंट सांगतात "होऊन जाईल", त्यावर टोकन देऊ नका. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस लागलेले नाहीत, एकाने जरी हरकत घेतली की झालं, पोरं मोठी होतात पण केस संपत नाही. आणि समुद्राला लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटर बांधकामबंदी आहे, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजूच्या वाड्यांत ती सीव्ह्यू जागा बहुतेक याच पट्ट्यात येते. बिनशेती आणि नकाशा हातात आल्याशिवाय समुद्र बघायला सुद्धा एजंटच्या गाडीत बसू नका.

डोंबिवलीची सून

सगळ्यांचे आभार, नवऱ्याला बसवून वाचून दाखवलं. जागा घ्यायचा विषय आम्ही तीन वर्षं तरी काढणार नाही हे त्याने कबूल केलंय. "परत ठाण्यात" दादा, तुमचा राग समजतो, पण डोंबिवलीत पण पावसात लाईट जाते आणि लोकल बंद पडते, आणि इथे मुलांना खेळायला पार्किंग सोडून जागा नाही. आम्हाला जायचंच आहे.

एक प्रश्न वेंगुर्लेकरांना, सुट्या घरात पावसाळा कसा जातो ते खरं सांगा. फोटो सगळे डिसेंबरचेच असतात.

वेंगुर्लेकर

खरंच सांगतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पश्चिमेच्या खिडक्यांतून झड आत येते, म्हणून जूनच्या आधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं नाहीतर ताडपत्री लावावी लागते. चिऱ्याच्या भिंतीला ओल धरते, कपाटातल्या कपड्यांवर, चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी. खाऱ्या वाऱ्याने दाराचे कोयंडे, फ्रीजची मागची जाळी, शेगडीचे पाय सगळं गंजतं. गणपतीपर्यंत कपडे चुलीच्या खोलीत दोरीवर वाळत असतात. अंगणात जनावर, म्हणजे साप, निघतं, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. आम्हाला याचा त्रास वाटत नाही कारण हेच आमचं घर, पण सवय नसलेल्या सत्तरीच्या बाईला शेवाळलेल्या अंगणातून संडासला जायचं असेल तर तेवढं घर निवडताना बघा, आत संडास असलेलंच घ्या. तरीसुद्धा मी वेंगुर्लाच म्हणेन. माझी आई सत्याहत्तर वर्षांची आहे, ती त्याच अंगणात बसून शेजारच्या चार घरांशी दिवसभर बोलते. फ्लॅटचं दार लावलं की म्हातारी माणसं टीव्हीसमोर एकटी पडतात, त्याला कुठल्या मेडिकल कॉलेजात औषध नाही.

परत ठाण्यात

पोरांचं कोणी बोललं नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, छान आहे, कौतुकच आहे. पण नीट, जेईई करायची असेल तर अकरावीला पोरगी कोल्हापूर नाहीतर पुण्याला पाठवतातच. आठवीतली मुलगी म्हणजे तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. तेव्हा काय, परत शिफ्ट?

मांडवीची

सगळ्यांनाच नीट-जेईई करायचं नसतं. मुलीला विचारलंय का काय करायचंय?

डोंबिवलीची सून

विचारलंय, तिला सायन्सच घ्यायचंय पण माशांवर, समुद्रावर काहीतरी. म्हणून शिरगावच्या कॉलेजचं वाचून तीच जास्त खूश झाली. वेंगुर्लेकर, आईंचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या रत्नागिरी चालेल पण तळमजला हवा आणि खाली बायका बसतात अशी जागा हवी. तर आता नाचणे किंवा साळवी स्टॉपकडे तळमजल्याचं बघतोय, सुट्टीत न जाता जुलैमध्ये जाऊन बघणार, तुंबलेलं-गळकं असेल ते तेव्हाच दिसेल. शाळेची ॲडमिशन पुढच्या जूनची धरली आहे.

वेंगुर्लेकर

जुलैमध्ये येताय तर कोकणकन्याने तसंच खाली कुडाळपर्यंत या, दोन दिवस आमच्याकडे राहा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, तिकीट काढताना बघून घ्या. माझं मत बदललेलं नाही.

मांडवीची

तळमजला घेताय तर मागच्या बाजूला डोंगर किंवा बांध आहे का ते बघा, पावसात पाणी तिथून आत येतं. आणि टाकीचं विसरू नका.