१८९९ चा सेवानीचा सीझन: सहा दिवसांत पाच मॅचेस खरंच झाल्या होत्या का?

रानवारा:
सध्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा जुना इतिहास वाचतोय आणि एका सीझनपाशी अडकलोय. टेनेसीत डोंगरावर सेवानी म्हणून छोटंसं कॉलेज आहे (युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ), त्यांनी १८९९ मध्ये बाराच्या बारा मॅचेस जिंकल्या आणि त्यातल्या पाच तर फक्त सहा दिवसांत, त्याही सगळ्या बाहेरगावी! आत्ताच्या टीम्स आठवड्याला एक मॅच खेळतात तरी निम्मी पोरं जायबंदी असतात. हे जमलं कसं आणि असलं शेड्यूल लावलं कोणी? माहिती असेल त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

मेधा_नॅशव्हिल:
हो, खरंय. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनला टेक्सास १२-०, १० ला ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम १०-०, ११ ला न्यू ऑर्लिन्सला टुलेन २३-०, १२ ला रविवार म्हणून खेळले नाहीत, १३ ला बॅटन रूजला एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ३४-० आणि १४ ला मेम्फिसला ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) १२-०. पाच मॅचेसमध्ये समोरच्यांना एक पॉइंट नाही! सगळा प्रवास ट्रेनने, साधारण ४००० किलोमीटर, आणि बाहेरचं पाणी बाधू नये म्हणून सेवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपं भरून सोबत नेलेलं.
शेड्यूल लावलं मॅनेजर ल्यूक लीने, तोही तिथलाच विद्यार्थी. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीशी गेटच्या (तिकीटविक्रीच्या) पैशांवरून वाजलं आणि ती मॅच झालीच नाही, म्हणजे मोठी कमाई गेली, ती भरून काढायला एकाच दौऱ्यात जमतील तेवढ्या मॅचेस बसवल्या.

जुना_लाइनमन:
तेव्हाचा गेमही वेगळा होता हे धरा. फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) १९०६ पर्यंत कायदेशीर नव्हता, त्यामुळे बॉल घेऊन गर्दीत घुसायचं आणि तीन डाउनमध्ये (म्हणजे तीन प्रयत्नांत) पाच यार्ड काढायचे, टचडाउनला (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपार नेला की) पाचच पॉइंट. अटॅक आणि डिफेन्स दोन्ही त्याच अकरा जणांनी करायचं आणि ट्रेनमध्ये पोरं होती एकवीस. टेक्सासच्या मॅचला सेवानीच्या कॅप्टन सीबल्सचं डोकं फुटलं तरी तो खेळत राहिला. म्हणून माझ्या मते त्यांची खरी ताकद डिफेन्समध्ये होती, थकलेल्या अंगाने स्कोअर एकवेळ होतो पण रोज नव्या, ताज्या टीमला शून्यावर ठेवणं फार अवघड आहे.

रानवारा:
वा, मस्त माहिती! मग अख्ख्या सीझनमध्ये त्यांच्यावर कोणीच स्कोअर केला नाही का?

जुना_लाइनमन:
फक्त ऑबर्नने (अलाबामातलं कॉलेज). सीझनचा एकूण हिशोब ३२२-१०, आणि ते दहाच्या दहा पॉइंट ऑबर्नचे. ऑबर्नचा कोच होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात तोच. मॉन्टगोमेरीला ११-१० अशी जेमतेम सुटली मॅच. दौऱ्याचं कौतुक सगळे करतात, पण मला विचाराल तर सीझनमधली सगळ्यात मोठी मॅच हीच, कारण इथे पहिल्यांदा त्यांना उत्तर देणारं कोणी भेटलं. आणि दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला ५-० हरवलं.

मेधा_नॅशव्हिल:
+१, ऑबर्नबद्दल अगदी पटलं. आणि रानवारा, ल्यूक लीबद्दल जरूर वाच, पुढे टेनेसीचा सेनेटर झाला आणि १९१९ च्या जानेवारीत काही साथीदारांना घेऊन हॉलंडमध्ये आसऱ्याला असलेल्या माजी जर्मन सम्राटाला, म्हणजे थेट कैसरला पकडायला गेला होता! कैसर काही हाती लागला नाही, पण ज्या वाड्यात तो राहत होता तिथे आतपर्यंत पोचले होते.