मदत हवी आहे: रोटर मारून रान घट्ट झालंय, सबसॉयलर मारू काय?

शिवारातला_पोरगा: मंडळी, अर्जंट आहे. मसूर पिवळी पडूलालीय. परवा तासभर पाऊस झाला, पाणी दोन दिवस तसंच उभं. चार वर्षं झाली दोन पाळ्या रोटर (रोटाव्हेटर) मारूनच पेरतोय, वरून माती कशी पिठासारखी. ट्रॅक्टरवाला म्हणतोय सबसॉयलर घाल, म्हणजे खालचा घट्ट थर चिरणारा लांब फाळ; उद्या गाडी मोकळी आहे. मसूर मोडायची तयारी आहे. रात्रीपर्यंत सांगा.

खानापूरकर: गाव कुठलं? माती तांबडी का काळी? आधी काय होतं रानात? डॉक्टरकडं जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणतोस काय?

जुनं_ते_सोनं: बैल विकलासा तिथंच चुकलं. कुळवाच्या दोन पाळ्या, बास. आमच्या वेळी रोटर नव्हता आणि पाणीबी साचत नव्हतं.

खानापूरकर: वैरण तुम्ही पाठवणार काय, काका?

शिवारातला_पोरगा: येळ्ळूर, बेळगावजवळ. काळी, आणि कसली असणार! बासमती काढून मसूर टाकलीय.

गादीवाफा: एसआरटी कर, म्हणजे सगुणा राईस तंत्र. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची पद्धत. गादीवाफे एकदाच पाडायचे, मग नांगर नाही, चिखलणी नाही. भात कापायचं, मुळं तिथंच कुजू द्यायची. त्याच वाटांनी पाणी मुरतं, गांडुळं येतात.

हुक्केरी_८८: आणि तण? ग्लायफोसेट मारूनच ना? तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

आप्पा_निपाणी: उसाचा पाचट जाळू नका कुणी. सरीत पसरा.

हुक्केरी_८८: आप्पा, इथं मसूर चाललीय.

वडगावचा: मुळात पाणी जाणार कुठं? बळ्ळारी नाल्यात गाळ, जलपर्णी. पावसाळ्यात शहापूर-वडगावची शेतं बघा एकदा, मग रोटरला शिव्या द्या.

खानापूरकर: नाल्याचा वेगळा धागा काढा. पोरा, भाताला चिखलणी केलीस काय?

शिवारातला_पोरगा: ते सगळेच करतात की. त्यात काय सांगायचं?

खानापूरकर: तेच तर सांगायचं होतं, मर्दा! चिखलणी करतात ती पाणी धरायलाच. खाली थर बसतो, वर तुझा रोटर दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर फिरतोय. हवा मिळाली नाही की मुळं गुदमरतात, मुळांवरच्या नत्राच्या गाठी काम करत नाहीत, मसूर पिवळी. आता ओल्या काळ्या रानात सबसॉयलर म्हणजे लोण्यात सुरी. चीर पडणार, मिटणार. वर चाकानं आणखी दाबणार ते वेगळंच. एप्रिलात रान वाळल्यावर बघू. पन्नास एचपीच्या आतला ट्रॅक्टर नको. आज फक्त चर काढून पाणी बाहेर घाल, आणि दोन रोपं उपटून मूळ बघ.

हुक्केरी_८८: एप्रिलात तरी कशाला? काळी जमीन उन्हाळ्यात आपणच भेगाळते, त्यात शेणखत पडू दे. माती जेवढी उलथवाल तेवढा कर्ब जळून हवेत जातो. रोटर सोड, नाहीतर सबसॉयलरचा पैसा दोन हंगामात मातीत.

खानापूरकर: रोटर सोड हे बरोबर. पण चिखलणीचा थर नुसत्या भेगांनी फुटत नाही.

हुक्केरी_८८: आमच्याकडं फुटतो.

खानापूरकर: तुमच्याकडं भात कुठं आहे एवढं?

शिवारातला_पोरगा: उपटली. मूळ चार बोटं सरळ, पुढं आडवं वळलंय, आकड्यासारखं. छतावरचा सळईचा तुकडा होता, तो घालून बघितला. बांधाला हातभर सहज गेला, रानात वीतभर जाईना. ट्रॅक्टरवाल्याला फोन करून नको म्हणालो. तर म्हणतोय, "बरं मग, रोटर तरी मारून देऊ काय?"