प्रति: मीटिंगा बंद करा, चॅट वापरा
वर कुणीतरी म्हटलंय की मीटिंगा बंद करून सगळं चॅटवर आणलं की कामाला आपोआप वेग येतो. मीटिंगांबद्दल सहमत, 'आपोआप'बद्दल अजिबात नाही. मोघम वाक्य चॅटवर टाकलं तर घोळ फक्त लवकर होतो.

माझाच किस्सा. अमेरिकेतल्या सहकाऱ्याला लिहिलं, 'फायनल फाइल 04/05 पर्यंत लागेल.' माझ्या डोक्यात 4 मे. त्यांच्याकडे महिना आधी लिहायची पद्धत, त्यामुळे बिचाऱ्याने 5 एप्रिल धरला. रात्रभर जागून अर्धीमुर्धी फाइल पाठवली आणि वर माफीही मागितली! मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेव्हापासून 2025-05-04 असंच लिहितो: वर्ष, महिना, दिवस. तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकातला हा क्रम 1988 पासून आहे, पण चर्चेत कुणी त्याचं नाव काढलेलं दिसलं नाही. फाइलच्या नावाची सुरुवातही अशीच केली की फोल्डर नावानुसार लावल्यावर सगळं आपसूक तारखेनुसार लागतं, मग 'फायनल', 'फायनल_2' आणि 'खरंच_फायनल' यांतली खरी कुठली हे शोधत बसावं लागत नाही. मात्र महिन्याच्या आधीचं शून्य गाळू नका, नाहीतर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊन बसतो.

आणि हो, 'दिवसअखेर देतो' म्हणणाऱ्यांना मी आता सरळ विचारतो, कुणाच्या घड्याळाप्रमाणे?