लग्नातल्या कपड्यांची उंची: कुठे चुकली, कुठे जमली?

ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे. विधींना शिवलेली नऊवारी, रिसेप्शनला घागरा. शिवणाऱ्या काकू विचारतात, "उंची किती ठेवू?" आणि घरात चार जणींची पाच मतं! सल्ले नकोत, तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा.

कैरीची_डाळ
मी विधींनाही घागराच घातला होता. माप दिलं चार इंची टाचांवर उभं राहून. मांडवात अनवाणी वावरायचंय, हे डोक्यात कसं आलं नाही देव जाणे. सप्तपदीला तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवू, नवऱ्याचा हात धरू की घागरा सावरू? करवलीने कमरेला दोन दुमडी घालून नाडी आवळली. पोटावर गाठोडं! अल्बमभर तेच दिसतं.

मोरपंखी
शिवलेली नऊवारी. आजीचा हुकूम, घोट्याच्या वर ठेव, जोडवी-पैंजण दिसू देत. मी हट्टाने पावलांपर्यंत लांब ठेवली. उभी असताना झकास. होमाला पाटावर मांडी घातली आणि ती पार पोटऱ्यांपर्यंत चढली, वर आसनही, म्हणजे दोन पायांमधला शिवलेला भागही, काचायला लागलं. म्हणजे लांब ठेवून आजीचंही ऐकलं नाही, माझंही साधलं नाही. ट्रायलला मी एकदाही खाली बसले नव्हते.

घेरदार
आमचा घोळ उलटा. घागऱ्याची ट्रायल कॅनकॅनशिवाय (घेर फुगवणारा जाळीचा ताठ थर) झाली. नंतर आतून कॅनकॅन लावल्यावर घेर फुगला आणि कड दोन बोटं वर गेली. खाली लेस जोडून वेळ मारून नेली.

म्हापशेकर
मैत्रिणीचं लग्न चर्चमध्ये. गाऊन पुढून जमिनीच्या इंचभर वर आणि मागे लांब शेपूट. तिला नाचायची भारी हौस, म्हणून शिंप्याने मागे बटणं नि लूप लावून दिले होते. हॉलवर शेपूट वर अडकवली की नाचायला मोकळी.

सहावारीच_बरी
साडीत खरी उंची परकराची. माझा लांब होता. तो साडीच्या खालून डोकावायला लागला. साडीचं कौतुक राहिलं बाजूला, सगळ्या मावश्या त्याच्याकडेच बघत होत्या.

धागाकर्ती
आज काकूंकडे जाऊन आलो. नऊवारीसाठी ताईला अनवाणी उभं केलं, मग सतरंजीवर मांडी घालून बसवलं, वाकून नमस्कारही करायला लावला. घागऱ्याचं माप मात्र रिसेप्शनच्याच चपला घालून, कॅनकॅनसकट. काकू जरा वैतागल्या, पण दोन्हींना खाली दीड इंच माया, म्हणजे दुमडीत जादा कापड, सोडणार आहेत.