कार्बन फायबर सोडा, अ‍ॅल्युमिना घ्या

कुपवाड एमआयडीसीतल्या सदस्यांनी विचारलंय, अ‍ॅल्युमिनियमचा भाग मजबूत करायला ग्रॅव्हिटी डायमध्ये (धातूचा साचा, ज्यात रस दाबाविना, स्वतःच्या वजनानं भरतो) कार्बन फायबर ठेवून अ‍ॅल्युमिनियम ओतलं, तर फायबर हातानं का सुटतात? वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रस त्यांना भिजवतच नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा वेगळा राहतो. पण भिजावं म्हणून रस आणखी तापवू नका. जास्त तापमानाला अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड बनतं. ते ठिसूळ तर असतंच, शिवाय ओलाव्याशी प्रक्रिया होऊन मिथेन सुटतो आणि फायबर-धातूचा जोड आतून पोखरला जातो. सांगलीच्या पावसाळ्यात असा नमुना उघडा ठेवूच नये.

अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) आखूड फायबरचा प्रीफॉर्म, म्हणजे आधीच आकार दिलेला सच्छिद्र ठोकळा घ्या, त्यात फायबर आकारमानानं १५ ते २० टक्के. तो ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, डाय २५० च्या आसपास, रस ७८० ला. प्रीफॉर्म थंड असला की रस वरच्या थरातच गोठतो. नव्वद टक्के फसलेले नमुने इथेच फसतात असं माझं मत. मग हायड्रॉलिक प्रेसनं दाब द्या, सुरुवातीला अगदी हळू. एकदम दाबलंत तर प्रीफॉर्म चेपतो, तडकतो. रस आत शिरल्यावर ७० ते १०० मेगापास्कलपर्यंत न्या आणि पूर्ण गोठेपर्यंत सोडू नका.

टोयोटानं १९८० च्या दशकात डिझेल पिस्टनच्या रिंगखाचा (पिस्टन रिंग बसतात त्या खाचा) अशाच सिरॅमिक फायबरनं मजबूत केल्या. पूर्ण पिस्टन नव्हे, फक्त झिजणारी जागा. तुम्हीही तेवढंच करा.