राज्य संघटनेच्या कार्यकारिणीवर जावं का? (हाडांचा डॉक्टर, सांगली जिल्हा)

वारणाकाठचा_ऑर्थो

नमस्कार मंडळी. वय ४१, एका तालुक्याच्या गावी बारा खाटांचं हॉस्पिटल चालवतो. आमच्या राज्यस्तरीय अस्थिरोगतज्ज्ञ संघटनेची निवडणूक लागली आहे आणि मित्रांनी माझं नाव पुढं केलंय. का, तर "तू बोलतोस बरा." ही पात्रता असेल तर आमचा कंपाउंडर अध्यक्ष व्हायला हवा.

दहा वर्षं वर्गणी भरतोय. मिळालं काय? वर्षाला एक परिषद, एक पिशवी, पिशवीत पेन आणि इम्प्लांट (हाडात बसवायचे रॉड, प्लेट) कंपनीचं कॅलेंडर. मंत्री उशिरा येणार म्हणून गुडघ्यावरचं सत्र अर्ध्यावर गुंडाळायचं आणि शेवटच्या दिवशी ठराव करायचा: डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा निषेध, ग्राहक कायद्यातून आम्हाला वगळा. दरवर्षी तोच, तारीख तेवढी बदलून.

हल्ल्यांचा कायदा तर आपल्या राज्यात २०१० पासून आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, वर मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कॅज्युअल्टीत त्याचा बोर्ड लावलाय मी. मागच्या दिवाळीत काच फुटली ती त्याच बोर्डाखालच्या खुर्चीनं. पोलीस ठाण्यात कायद्याचं नाव शेवटी मीच कागदावर लिहून दिलं.

बायको भूलतज्ज्ञ आहे. ती विचारते, "ओपीडी बुडवून मुंबईच्या मीटिंगा करणार, त्या कशासाठी?" उत्तर सुचलेलं नाही. जुन्या मंडळींनी सांगावं.

कोयनेचा_वकील

साताऱ्यात वकिली करतो. डॉक्टरांच्या बाजूनेही उभा राहतो, विरुद्धही.

"ग्राहक कायद्यातून वगळा" एवढंच घेऊन जाणार असाल तर ओपीडी बुडवू नका. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते म्हणून सांगितलं. समोर तुमची आयएमएच, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन, होती. २०१९ च्या नव्या कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही, म्हणून सुटलो असं काहींना वाटलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेही मान्य केलं नाही.

त्यापेक्षा भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ वाचा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत कैद, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर २ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ ला हे लागू झालं तेव्हा एका डॉक्टर मित्राने मला पेढे आणून दिले. मी पेढा खाल्ला आणि सांगितलं, जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये कैद किंवा दंड किंवा दोन्ही होतं, आता कैद आणि शिवाय दंड. आणि सवलत कुणाला, तर फक्त डॉक्टरला. त्याच टेबलापाशी उभी असलेली सिस्टर पाच वर्षांच्याच खान्यात. तिच्यासाठी ठराव केलेली डॉक्टरांची संघटना अजून मला भेटायची आहे.

आणखी एक. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, मत घेतल्याशिवाय पोलिसांनी डॉक्टरवर फौजदारीत पुढे जायचं नाही. म्हणजे किल्ली तुमच्याच लोकांच्या खिशात आहे.

मिरजेचा_म्हातारा

अरेतुरे करतोय, राग मानू नकोस, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. वकीलसाहेब किल्लीचं बोलले म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचून झोपलो असतो.

माझं हॉस्पिटल सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. तळमजल्यावरचे केसपेपर आठवडाभर पाण्यात. लगदा फावड्यानं काढला. एक्स-रे फिल्मवरचा थर सुटून गेला होता, हातात नुसत्या निळसर पारदर्शक काचा. शहाणा झालो, उरलेलं रेकॉर्ड वरच्या मजल्यावर नेलं. गेल्या वर्षभराचं मात्र रोज लागतं म्हणून खालीच ठेवलं. जुलै २०२१ ला पाणी परत आलं.

त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या मांडीत रॉड घातला होता. पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. हंगाम ऐन भरात, गडी सातव्या आठवड्याला ट्रॅक्टरवर चढला. फेब्रुवारीत रॉड मोडला. दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं आणि २०२२ च्या अखेरीस मला ग्राहक आयोगाची नोटीस: हलक्या प्रतीचा रॉड वापरला. जबाबाला ३० दिवस, फार तर १५ आणखी, त्यापुढं एक दिवस मिळत नाही. माझ्याकडं केसपेपर शून्य. तीन वर्षं कागद जपायचा नियम आहे आणि मी "साहेब, पूर आला होता" म्हणणार!

वाचवलं ते थिएटरच्या सिस्टरनं. पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं ओटी रजिस्टर (ऑपरेशनांची नोंदवही) आणि डिस्चार्जची वही खताच्या रिकाम्या पोत्यात घालून डोक्यावरून घरी नेली होती. मला पत्ताच नाही. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या नोंदीपुढं इम्प्लांटचं स्टिकर, बॅच नंबरसकट. वहीत गड्याच्या हातचं: "सांगेपर्यंत पाय टेकवणार नाही", खाली सही. ही तीच सिस्टर, पाच वर्षांच्या खान्यातली.

पण तज्ज्ञाचं शपथपत्र पाहिजे ना. तीन मित्रांना फोन केले. तिघंही म्हणाले, तुझं बरोबरच आहे रे, पण आयोगासमोर माझं नाव नको. राज्य संघटनेला पत्र लिहिलं, तर सहानुभूतीचं उत्तर आणि एका वकिलाचा नंबर. शेवटी सरकारी कॉलेजातले एक प्राध्यापक तयार झाले. म्हणाले, "सगळे एक्स-रे पाठव, पेशंटकडचेही. मत तुझ्याविरुद्ध गेलं तरी तेच लिहीन." दोन पानं लिहिली. रॉडचा आकार योग्य, हाड जुळायच्या आत वजन पडलं म्हणून मोडला. आणि खाली एक ओळ: तिसऱ्या आठवड्यानंतर पेशंट तपासणीला आला नाही, तेव्हा त्याला बोलावल्याची नोंद कुठे आहे?

नव्हती. बोलावलंच नव्हतं. तक्रार २०२४ मध्ये फेटाळली गेली, पण ती ओळ अजून डोक्यात आहे.

आता दुसरी बाजू, ही कुणाला सांगितलेली नाही. २०११ च्या सुमारास एक बाप नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आला. दुसरीकडं कोपराजवळ प्लास्टर घातलेलं, रात्रभर पोर रडलं, बोटं काळीनिळी पडली, फोनवर सांगितलं हात उंच ठेवा. प्लास्टर कापलं तिसऱ्या दिवशी. माझ्याकडं आणला तेव्हा बोटं आत वळलेली, पेन्सिल धरता येईना. प्लास्टर घट्ट बसून रक्त अडलं होतं, हे मला दारातून दिसलं. बाप म्हणाला, "एवढं कागदावर लिहून द्या." मी म्हटलं, मला यात पडायचं नाही. एक्स-रेचा लिफाफा त्याला परत दिला. त्यानं तो पोराच्या चांगल्या हातात दिला आणि गेले.

तेव्हा माझं उत्तर असं. जिल्ह्यात पाच-सहा जणांचं मत देणारं पॅनेल करणार असशील तर जा. डॉक्टरनं मागितलं तरी आणि पेशंटनं मागितलं तरी, ठरलेल्या फीत, महिन्याभरात, सहीनिशी लेखी मत. नाहीतर परिषदेची पिशवी घरपोच मिळतेच.

जाता जाता: इन्शुरन्स जप, पेशंटनं दावा केला तर भरपाई देणारा. आपली पॉलिसी ज्या वर्षी दावा येतो त्या वर्षी चालू असावी लागते, नुसती ऑपरेशनच्या वर्षी असून भागत नाही. मधे एक वर्ष खंड पडला तर मागची सगळी ऑपरेशनं उघडी पडू शकतात. मी दुकान बंद केलं तरी हप्ता भरतोय. सौ. म्हणतात, वर गेल्यावरही भरा.

जत_पूर्व

मी डॉक्टर नाही. आईच्या खुब्याचा बॉल बदलला, पू झाला, तीन ऑपरेशनं झाली. कागद मागितले. ७२ तासांत द्यायचा नियम आहे म्हणतात, मला वकिलाची नोटीस गेल्यावर दोन महिन्यांनी मिळाले. चार डॉक्टरांना दाखवले. चौघं तोंडी म्हणाले, चुकलंय. कागदावर एकानंही लिहिलं नाही. वकील म्हणाला, मग केस उभी राहायची नाही. सोडून दिली. पैसे नको होते असं म्हणणार नाही, दोन एकर गेली आमची. ते पॅनेल उद्या झालं आणि म्हणालं की डॉक्टरची चूक नव्हती, तर ते तरी लिहून देणार का? आईला तेवढं वाचून दाखवता येईल.

वारणाकाठचा_ऑर्थो

जत_पूर्व, हो, तेही लिहूनच द्यायचं. नाहीतर पॅनेल कशाला?

सर, तुमचं उत्तर काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, महिन्याला एक रविवार दिला. सकाळी आमच्या ओटी रजिस्टरमध्ये स्टिकर बघितले. गेल्या महिन्यातल्या दोन नोंदींपुढं नाहीत.

अर्जाला दोन सूचक लागतात, दोन्ही तयार होते. पॅनेलचं सांगितल्यावर एकाचा फोन आला: "पेशंटलाही मत देणार? मग माझं नाव काढ." शुक्रवारी मुदत संपते.

मिरजेचा_म्हातारा

माझं सदस्यत्व अजून चालू आहे. फॉर्म घेऊन गुरुवारी मिरजेला ये. चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो.