गुणोत्तर भाकीत करतं का?

शब्दखुळा: वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतोय. विषाणूजन्य आजारात रक्तातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तरावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज, असा विषय. 'प्रेडिक्टर'ला मी 'भाकीतकारक' लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'आम्ही पंचांग बघत नाही.' काय लिहू?

अनुस्वार: बाईंचं बरोबर आहे. भाकीत हे 'भाकणे'वरून. करुणा भाकतात, भाक देतात. भाकायला तोंड लागतं, गुणोत्तराला कुठलं तोंड?

गोटीराम: मग हवामानाचं भाकीत कसं चालतं? ढगांना तोंड असतं का?

अनुस्वार: ते वेधशाळेतला माणूस सांगतो, ढग नव्हे.

पळीपंचपात्र: आयुर्वेदात शब्द तयार आहेत हो. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, असाध्य. चरकाचं इंद्रियस्थान तर अरिष्टलक्षणांवरच, म्हणजे मरण जवळ आल्याच्या खुणांवरच आहे. 'अरिष्टसूचक गुणोत्तर' लिहा.

शब्दखुळा: रुग्ण रिपोर्ट वाचूनच आडवा होईल.

काचपट्टी: लॅबमध्ये काम करते. आम्ही या गुणोत्तराला सरळ 'एनएलआर' म्हणतो. पांढऱ्या पेशींत साधारण न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के, लिम्फोसाइट २० ते ४०. निरोगी माणसात भागाकार बहुधा १ ते ३च्या आसपास. कोरोनात गंभीर रुग्णांचे लिम्फोसाइट घसरायचे, न्यूट्रोफिल वाढायचे, आकडा चढायचा. पण स्टेरॉइडनेही नेमकं हेच होतं. माझ्या मामांचा ११ आला तेव्हा घरात रडारड. त्यांना आदल्याच दिवशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालेलं. मामा आजही मला बुद्धिबळात हरवतात. तेव्हा भाकीत नकोच, 'सूचक' म्हणा.

पळीपंचपात्र: पण 'न्यूट्रोफिल' का? एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने पेशींना कोणता रंग चढतो त्यावरून नावं ठेवली. ही उदासीन रंग घेणारी, म्हणून 'उदासीनरंजी'.

गोटीराम: हे संगीत नाटकातल्या संन्याशाचं नाव वाटतं.

पळीपंचपात्र: हसा. पहिल्यांदा सगळेच शब्द हास्यास्पद वाटतात. 'महापौर'ही वाटला असेल. आणि लिम्फोसाइटला लसिकापेशी आहेच, लसिका म्हणजे लिम्फ, त्या लसिकेवरूनच टोचायची लस आली.

अनुस्वार: उलटं सांगताय. लस म्हणजे जखमेतून पाझरणारं चिकट पाणी. आजी म्हणायची, 'लस येतेय, झाकू नको.' देवीची लस गायीच्या फोडातल्या पाण्यातून घ्यायचे, म्हणून तिलाही लस. लसिका हा शब्द कोशकारांनी मागाहून केला.

पळीपंचपात्र: कोशकारांनी? चरकाच्या शारीरस्थानात व्रणातल्या पाण्याला लसीका म्हटलंय. आणि हो, सी दीर्घ. माझी टंकनचूक.

अनुस्वार: चरक मान्य. पण आजीने चरक वाचला नव्हता.

काचपट्टी: आमच्याकडे दोन्ही नाही म्हणत. 'लिम्फो' म्हणतात.

शब्दखुळा: मंडळी, सोमवारी मजकूर द्यायचाय. 'सूचक' टाकतो.

गोटीराम: सूचक म्हटलं की मला सोसायटीची सभा आठवते. अनुमोदक कोण, प्लेटलेट?

शब्दखुळा: 'निदर्शक'?

अनुस्वार: तो मोर्चात असतो. ते असू द्या, लसचं अनेकवचन लसी की लशी? काल एकाच बातमीत दोन्ही वाचली.

पळीपंचपात्र: लशी! म्हैस-म्हशी, तसं लस-लशी.

काचपट्टी: मग बस-बशी का?